कंपनीचं नाही!

तुमच्याही ओळखीत असे एक काका असतीलच. रेडिओ लागतो की नाही हे ज्यांच्या लेखी गौण, पण त्यावरचं लेबल अस्सल की नकली हा जीवनमरणाचा प्रश्न. आमचे डोंबिवलीत राहतात. मागून सगळे त्यांना लेबलकाका म्हणतात, आपणही तेच म्हणू.

कुणी माळ्यावरचा मर्फी घेऊन आला की काका आधी सेटची पाठ बघतात. मागचं पुठ्ठ्याचं झाकण, आत चिकटवलेला व्हॉल्व्हचा तक्ता, व्होल्टेजची सूचना, सगळ्यावरून भिंग फिरतं. मग निकाल येतो, "कंपनीचं नाही." आणणारा चाचरत विचारतो, "पण काका, लागेल ना?" काका उत्तर देत नाहीत. लागणं-बिगणं त्यांच्या दृष्टीने फुटकळ काम. कंडेन्सर बदलले की कुठलाही सेट बोलतो.

हे भिंग घरातच राहिलं असतं तर काकूंची तक्रार नव्हती. पण दिवाळीच्या पहाटे अख्खी डोंबिवली फडके रोडवर एकमेकांचे झब्बे आणि साड्या बघत असते, तेव्हा काका एका दुकानाच्या नव्या पाटीखाली मान वर करून उभे. "अक्षरांतलं अंतर चुकलंय." भाचीच्या साखरपुड्यात अंगठीच्या आतला शिक्का त्यांनी भिंगातून पाहिला आणि व्याह्यांच्या देखत ते दोन शब्द उच्चारले. पुढे गुडघा बदलला. डॉक्टरांनी विचारलं, कसं वाटतंय? "चालतोय छान. पण कंपनीचा नाही."

मर्फी मूळची इंग्लंडची, पण तिचा कारखाना ठाण्यात होता. त्यामुळे मर्फी काकांना आपल्या जिल्ह्यातली वाटते. बुश, फिलिप्स ही बाहेरगावची मंडळी. झिजलेली लेबलं काका नव्याने बनवूनही देतात. मर्फीच्या अक्षरांसाठी लागणारी सोनेरी छटा साध्या प्रिंटरवर येत नाही, तिथे पिवळट-तपकिरी काहीतरी उमटतं. म्हणून काका लग्नपत्रिका छापणाऱ्याकडे जातात. त्याच्याकडे स्क्रीन असते, सोनेरी शाईही असते. पहिल्या वेळी तो आनंदाने म्हणाला, "मुलाकडचे की मुलीकडचे?" काका म्हणाले, "मर्फीकडचे."

कल्याणच्या एका हॉटेलवाल्याला शोभेसाठी जुना सेट हवा होता, फक्त डायलवर 'बॉम्बे'च्या जागी 'मुंबई' लिहून द्या म्हणाला. शहराचं नाव १९९५ साली बदललं, सेट त्याच्या कितीतरी आधीचा. काकांनी आगाऊ रक्कम परत केली. वर त्याला उल्हासनगरचा रस्ता दाखवला. 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा विनोद आपल्या लोकलमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय, पण काकांना त्याचं हसू येत नाही.

आता खरं सांगायला हरकत नाही. त्यांचं काम बघताना मला गप्प बसावं लागतं. झिजलेल्या लेबलाचा फोटो, शेजारी पट्टी ठेवून. मग एकेक अक्षर संगणकावर नव्याने काढायचं. तयार टाइप चालत नाही. खास कागदावर छापलेलं लेबल, वर लाखेचा हात, मग बशीतल्या पाण्यात. थोड्या वेळाने अक्षरांची पातळ साय कागदावरून सुटते, काका ती ओल्या कुंचल्याने लाकडावर सरकवतात आणि खालची हवा कडेकडे ढकलतात. तेवढा वेळ काकूंनीही पंखा लावायचा नाही.

आणि त्या लेबलाच्या कोपऱ्यात, भिंगाशिवाय दिसणार नाही अशा अक्षरांत, साल घालून छापलेलं असतं: 'कंपनीचं नाही'. प्रत्येक लेबलावर. जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याने ती ओळ गाळण्याचे दुप्पट पैसे देऊ केले होते. काकांनी त्याला चहा पाजून पाठवलं. लोकांच्या पाट्या, अंगठ्या आणि गुडघे नाकारणारा हा माणूस स्वतःच्या कामालाही सोडत नाही. बाजारात ताजं लेबल लावून 'ओरिजिनल' म्हणून रेडिओ विकणारे कितीतरी आहेत. त्यांच्या नफ्याचा हिशेब मला ठाऊक नाही, काकांच्या तोट्याचा काकूंना पाठ आहे.

डायलवर नावं पुन्हा झळकतात: कराची, रंगून, सिलोन. १९५२ साली ज्या सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली, त्या देशाचं नाव १९७२ सालीच बदललं. काटा तिथे नेला तर सोसायटीतल्या एलईडी दिव्यांची आणि चार्जरची खरखर ऐकू येते. आत ब्लूटूथ बसवून द्या, असं गिऱ्हाईक सुचवतं. काका काय म्हणतात, ते तुम्हाला ठाऊक आहे.

तुमच्या माळ्यावर असा सेट असेल तर एवढंच करा: डायलची काच ओल्या फडक्याने पुसू नका. अक्षरं बहुधा काचेच्या मागच्या बाजूला छापलेली असतात आणि जुना रंग एका हातात निघून येतो. आधी शेजारी पट्टी ठेवून समोरून सरळ फोटो काढा, मग काय ती साफसफाई.