जहाज कुणी बुडवलं?

ऑक्टोबर 2018 मध्ये कान्होजी आंग्र्यांच्या नावाची ‘आंग्रिया’ क्रूझ मुंबई-गोवा धावू लागली आणि लवकरच थांबली. एप्रिल 2019 मध्ये ‘जलेश’ कंपनीची ‘कर्णिका’ मुंबईत आली. पुढच्याच वर्षी कंपनीने गाशा गुंडाळला आणि जहाज अलंगच्या भंगारात गेलं. जाणकार करोनाला आणि कर्जाला दोष देतात. जळगाव-धुळ्याचं नाव कुणी घेत नाही. समुद्रापासून इतक्या लांब राहिलं की श्रेयही मिळत नाही.

क्रूझचा धंदा नुसत्या तिकिटावर चालत नाही. मलई असते आतल्या खर्चात: दारू, कसिनो, स्पा, वायफाय, फोटो. माणूस चारी बाजूंनी पाण्यात कोंडलेला, दुकानं सगळी कंपनीची. खिशात हात घालेल नाहीतर जाईल कुठे?

अशा जहाजावर आमचे जिभाऊ चढले. जळगाव जिल्ह्यातल्या रावेरकडचे केळीवाले, बऱ्हाणपूरचा भाव आणि रावेरचा भाव यांतल्या फरकावर हयात गेलेली. बाल्कनीची खोली सोडून त्यांनी बिनखिडकीची घेतली. “झोपायलाच जायचं ना भो? डोळे मिटल्यावर समुद्र काय अन् गोठा काय!” मुक्ताईच्या वारीचे माळकरी, म्हणून बारचा प्रश्न मिटला. कसिनोत दोन तास उभं राहून दुसऱ्यांचे पैसे जाताना बघितले. बघायला पैसे पडत नाहीत. फोटोवाल्याने जोडीचा फोटो काढून विक्रीच्या फळीवर लावला, तर जिभाऊंनी मोबाइल काढून त्या फोटोचाच फोटो घेतला. वहिनींनी पास्त्यावर घरची तिखट शेव भुरभुरली आणि शेजारच्या टेबलावरच्या गुजराती कुटुंबालाही वाढली.

सोबत धुळ्याचे शालक होते. नळाला पाणी रोज येतं, तेही आठव्या मजल्यावर, हे कळल्यावर त्यांनी दिवसाला चार आंघोळी केल्या आणि पाचव्यांदा नुसता नळ सोडून बघितला. जहाजावर गोडं पाणी समुद्राच्या खाऱ्या पाण्यातून यंत्रावर तयार करतात, त्याला इंधन जळतं. म्हणजे जिभाऊंनी कंपनीला मिळू दिलं नाही आणि शालकांनी होतं ते वाहवलं. अशा चारशे खोल्या भरल्या तर कुठल्या बँकेचं कर्ज फिटेल?

परदेशातल्या कंपन्या मात्र पक्क्या. रॉयल कॅरिबियनचं ऑफिस मायामीत, नोंदणी लायबेरियात. अमेरिकेचा आयकर बराचसा वाचतो. कार्निव्हलची तऱ्हा आणखी न्यारी. वर्षानुवर्षं तिथे शंभर शेअर बाळगणाऱ्याला आठवडाभराच्या सफरीत शंभर डॉलर खर्चायला मिळत आले. करोनात जहाजं उभी राहिली तेव्हा कंपनीने लाभांश बंद केला, ही सवलत ठेवली. भागधारकाचे लाख बुडू देत, त्याच्या हातात कूपन पाहिजे! लग्नात जेवण फसलं तरी अहेराच्या टॉवेलावर पाहुणे गप्प बसतात, हे आपल्याकडे कुणालाही ठाऊक आहे.

जिभाऊंना हे सांगणं महागात पडलं. ते शंभर डॉलर कसिनोत चालत नाहीत, म्हटल्यावर तर जिभाऊ खूशच झाले. आता परदेशी शेअर घ्यायचा फॉर्म ते माझ्याकडून भरून घेताहेत. गुंतवणुकीचं उद्दिष्ट काय लिहू, विचारलं.

“लिही, वायफाय.”