ब्लेझरआधी बीएस्सी

बारावीचा निकाल लागला की क्लासवाल्यांचे फलक चौकाचौकात लागतात. निळा ब्लेझर, मागे विमान आणि खाली ठसठशीत अक्षरांत ‘एअरपोर्ट मॅनेजमेंट, १०० टक्के प्लेसमेंट’. आईबाप दागिने मोडून फी भरतात. ही सरळसरळ दिशाभूल आहे. वर्षभराच्या डिप्लोमावर कुणी विमानतळ चालवायला देत नाही. मिळालीच तर चेक-इन काउंटरवरची किंवा सामानाच्या पट्ट्यावरची कंत्राटी नोकरी मिळते. ती नोकरी हलकी मुळीच नाही. पण ती बारावीवर किंवा साध्या पदवीवरही मिळते, मग लाखाच्या घरातली फी कशाची?

जुलै २०२४ मधली मुंबईतल्या कलिनाची गर्दी आठवा. एआय एअरपोर्ट सर्व्हिसेसने थेट मुलाखतींना बोलावलं होतं. सुमारे २,२०० जागा, त्याही सामान चढवण्या-उतरवण्यासारख्या अंगमेहनतीच्या. पगार २०-२५ हजारांच्या आसपास. तरी बुलढाण्यासारख्या लांबच्या जिल्ह्यांतूनही पोरं आली, त्यांत पदवीवाली होती. चेंगराचेंगरी व्हायची वेळ आली, तेव्हा अर्ज ठेवा आणि घरी जा, असं सांगण्यात आलं. त्या गर्दीला ‘विमान क्षेत्रात संधीच संधी’ हे कोण सांगत होतं, याचा जाब कुणी विचारला नाही.

विमानतळाचं व्यवस्थापन काय असतं, ते मुंबईत १ जुलै २०१९ च्या रात्री दिसलं. धो धो पावसात जयपूरहून आलेलं विमान मुख्य धावपट्टी ओलांडून चिखलात रुतलं. प्रवासी बचावले, पण पट्टी बंद. सगळा भार दुसऱ्या, आखूड पट्टीवर. रुतलेलं धूड ओढायचं तर आधी अवजड यंत्रांसाठी खडी टाकून वाट करायची, वरून पाऊस थांबत नाही. तिकडे टर्मिनलमध्ये रद्द झालेल्या विमानांचे प्रवासी लेकराबाळांसह खोळंबलेले. आलेलं विमान कोणत्या पार्किंग बेवर लावायचं, आधी कुणाला सोडायचं, यावर दर तासाला निर्णय. मुख्य पट्टी खुली व्हायला जवळपास चार दिवस गेले. तिथे ब्लेझर कामाला येत नाही. तिथे लागतो धावपट्टी, हवामान, अग्निशमन आणि सुरक्षेचे नियम यांचा पक्का अभ्यास, आणि रात्रपाळीत डोकं शांत ठेवायची सवय.

या कामाकडे जाणारे रस्ते आहेत, आणि ते क्लासच्या दारातून जात नाहीत. भारतीय विमानतळ प्राधिकरणात हवाई वाहतूक नियंत्रणाच्या कनिष्ठ कार्यकारी पदाला भौतिकशास्त्र-गणितासह बीएस्सी किंवा इंजिनिअरिंगची पदवी लागते, वय २७ पर्यंत. विमानतळ परिचालनाच्या पदाला इंजिनिअरिंग, नाहीतर विज्ञानाची पदवी आणि वर एमबीए. अग्निशमनात मेकॅनिकल, ऑटोमोबाइलवाल्यांना जागा असते. प्राधिकरणाची प्रशिक्षण संस्था आपल्याच गोंदियात, बिरसी विमानतळावर आहे. किती ज्युनिअर कॉलेजांत हे मुलांना सांगितलं जातं? खासगी विमानतळांवर जायचं असेल तरी विज्ञान किंवा इंजिनिअरिंगचा पाया असलेला बरा. आणि क्लासला जायचंच असेल तर आधी एवढं विचारा: गेल्या वर्षीच्या मुलांची नेमणूकपत्रं दाखवता का? त्यांवर नाव विमानतळाचं आहे की मनुष्यबळ पुरवणाऱ्या कंत्राटदाराचं? तिथे फोन करून खात्री करता येईल का? उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर तिथून उठा.

नवी मुंबईच्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून उड्डाणं सुरू झाली. पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला दोन कोटी प्रवासी. या विमानतळासाठी पनवेल तालुक्यातल्या दहा गावांनी घरं सोडली, उलव्याची टेकडी कापली गेली, नदीचं पात्र वळवलं गेलं. त्या गावांतली जी मुलं आज अकरावी-बारावी सायन्सला आहेत, त्यांच्या पदवीपर्यंतच्या शिक्षणाचा खर्च सिडकोने आणि विमानतळ चालवणाऱ्या कंपनीने उचलावा. किती मुलांचा उचलला आणि त्यांतली किती परिचालन विभागात लागली, ते दरवर्षी नावानिशी जाहीर करावं. पहिली यादी येत्या प्रवेशांच्या आधी लागली पाहिजे.