लेक आला घरा, भाडं तेवढं भरा

ब्रिटनच्या सरकारला एका गोष्टीची मनापासून काळजी वाटते, ती म्हणजे गरिबाच्या घरातली जादा खोली. श्रीमंताच्या हवेलीत चौदा खोल्या असोत आणि त्यांतल्या चार नुसत्या कुत्र्यांसाठी असोत, सरकार तिकडे डोकावत नाही. पण कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक पालिकेच्या, घरात राहणाऱ्या बाईचा मुलगा नोकरीसाठी लीड्सला गेला, की त्याची रिकामी कॉट वेस्टमिन्स्टरला झोपू देत नाही. एप्रिल २०१३ पासून या निद्रानाशावर औषध निघालं आहे. एक बेडरूम जादा असेल तर सरकारी मदतीतून भाड्याच्या १४ टक्के कपात, दोन किंवा अधिक असतील तर २५ टक्के. लोक याला ‘बेडरूम टॅक्स’ म्हणतात आणि सरकारला ते नाव आवडत नाही. पेन्शनच्या वयाची माणसं यातून सुटतात. स्कॉटलंडचं सरकार ही कपात स्वतःच्या तिजोरीतून भरून देतं, त्यामुळे ग्लासगोतली रिकामी खोली देशाला तितकीशी घातक नसावी.

आता तोच मुलगा परत येतो. लीड्समधली नोकरी सुटलेली असते, किंवा संसार मोडलेला असतो, किंवा नुसतंच खोलीचं भाडं आणि पगार यांचं गणित जुळेनासं झालेलं असतं. असे परतलेले आणि मुळात गेलेच नाहीत असे धरून, इंग्लंड आणि वेल्समध्ये आईबापांच्या घरी राहणारी प्रौढ मुलं २०२१ च्या जनगणनेत ४९ लाख भरली. दहा वर्षांपूर्वी ती ४२ लाख होती. भोळ्या माणसाला वाटेल, बरं झालं, खोली भरली, आता सरकार शांत झोपेल. खोलीची कपात थांबते, हे खरंच. फक्त ‘ही खोली रिकामी का?’ असं विचारणारं पत्र यायचं थांबतं आणि ‘या खोलीत कोण?’ असं विचारणारं सुरू होतं.

आई युनिव्हर्सल क्रेडिट या सरकारी मदतीवर असेल आणि मुलगा एकविशी ओलांडलेला असेल, तर काही अपवाद सोडता तो घरभाड्याला हातभार लावतो असं धरून चालतात. तो खरोखर लावतो का, हे कुणी विचारत नाही. २०२४-२५ मध्ये हा धरून चाललेला हातभार महिन्याला ९१ पौंड ४७ पेन्स होता आणि तेवढी रक्कम आईच्या मदतीतून वळती होत होती. समजा, आईच्या दोन बेडरूमच्या घराचं भाडं महिन्याला ५२० पौंड आहे. मुलगा नव्हता तेव्हा रिकाम्या खोलीपोटी कापले जात होते ७२ पौंड ८० पेन्स. म्हणजे पोटचा पोर रिकाम्या खोलीपेक्षा १८ पौंड ६७ पेन्सनी महाग पडला. शिवाय तो जेवतो, पाव तास गरम पाण्याखाली उभा राहतो, रात्री दोनपर्यंत दिवा जाळतो. रिकाम्या खोलीला असल्या सवयी नसतात.

एकविसाव्या वाढदिवसाला या घरांत दोन कापाकाप्या होतात. केक मुलगा कापतो, मदत सरकार कापतं. त्यानंतर तो कॅफेत कपबश्या विसळतो की शेअर बाजारात पैसे उडवतो, याच्याशी युनिव्हर्सल क्रेडिटला देणंघेणं नाही. दोघांच्या आयांना दर एकच. समता आणायची तर ती अशी, खालून.

पेन्शनवाल्यांकडे मात्र अजून भाड्याची जुनी मदत, हाउसिंग बेनिफिट, आहे आणि त्याचं दरपत्रक वाचायला निवांत वेळ हवा. तिथं मुलाच्या कामाचे तास मोजतात. आठवड्याला सोळा तासांपेक्षा कमी काम असेल तर त्याची कमाई कितीही असो, २०२४-२५ च्या दरानं आईचे आठवड्याला १९ पौंड ३० पेन्स जायचे. सोळा तास भरले की पगाराच्या पायऱ्या लागतात, आणि पगार धरायचा तो कर कापण्याआधीचा, म्हणजे जो मुलाच्या हातात कधी पडतच नाही तो. या पायऱ्यांमध्ये एक पायरी फार उंच होती. मुलाचा आठवड्याचा पगार ३३४ पौंडांना टेकला, की कपात ६० पौंड ९५ पेन्सवरून थेट ९९ पौंड ६५ पेन्सवर जायची. साहेबानं पाठ थोपटून आठवड्याला एका पौंडाची वाढ दिली, तर घरी आईच्या भाड्याच्या मदतीतले ३८ पौंड ७० पेन्स गेले. असल्या पगारवाढीचे पेढे कुणी कुणाला द्यायचे?

मग सर्वांत परवडणारा मुलगा कोणता? नियमांतून शोधला तर तोही सापडतो. तो चोवीस वर्षांचा असावा, बेकार असावा आणि स्वतः युनिव्हर्सल क्रेडिट घेत असावा. त्याच्यापोटी आईच्या हाउसिंग बेनिफिटमधून एक पेनीही कापत नाहीत. त्यानं शनिवारी चार तास दुकानात उभं राहून चार पैसे मिळवले की कपात सुरू. काही न करता पंचविसावं वर्ष गाठलं तरी सुरू. तेव्हा सरकारच्या मते गुणी बाळ म्हणजे जे काम शोधत राहतं, काम मिळवत नाही आणि चोविसाच्या पुढे जात नाही. बाकी सगळे वाया गेलेले.

वयस्कर आईबापांना एक मोठी सवलत आहे, ती सांगायलाच हवी, नाहीतर हे सदर एकांगी ठरेल. मूल परत आल्यापासून सव्वीस आठवडे हाउसिंग बेनिफिटमधली ही कपात करत नाहीत. आपल्याकडे पाहुणचार तीन दिवसांचा. तिथं पोटच्या पोराला सहा महिने पाहुणा मानतात आणि सत्ताविसाव्या आठवड्यात तो पोटभाडेकरू होतो. फरक एवढाच, की पोटभाडेकरू भाडं देतो, आणि या पोराकडे ते मागायला आईची जीभ रेटत नाही. महाराष्ट्रातली असो की मॅंचेस्टरची, कुठली आई पोराच्या ताटात वाढता वाढता म्हणेल, ‘बाळा, आमटी घे आणि सरकारनं तुझ्या नावावर धरलेले आठवड्याचे १९ पौंड ३० पेन्स काढ’?

त्यातून आई अपंग आणि एकटी असेल तर गोष्ट आणखी रंगते. अशा बाईला पेन्शन क्रेडिट या वृद्धांच्या मदतीत गंभीर अपंगत्वाची जादा रक्कम मिळू शकते. २०२४-२५ मध्ये ती आठवड्याला ८१ पौंड ५० पेन्स होती. अट अशी, की ती एकटी राहत असावी आणि तिची काळजी घेणारा कुणी त्यासाठी सरकारी भत्ता घेत नसावा. मुलाला दया आली, तो बॅग घेऊन आईची सेवा करायला घरी आला, तर सहसा ही रक्कम बंद होते. अपंग आईच्या भाड्याच्या मदतीला मुलापायी हात लावत नाहीत, एवढी सरकारची करुणा. लाचारीला दाम आणि सेवेला दंड. हिशेब तयार करणाऱ्याच्या घरी आई नव्हती, असं म्हणणं अन्यायाचं होईल. कदाचित ती जवळपास राहत नसावी.

कौन्सिल टॅक्सचं, म्हणजे तिथल्या घरपट्टीचं, दोन ओळींत आटोपतो. एकट्या प्रौढाच्या घराला २५ टक्के सूट असते. दुसरा प्रौढ आला, आणि तो पूर्णवेळ विद्यार्थी वगैरे नसला, की सूट गेली.

घरातल्या माणसापायी मदत छाटण्याची ही कल्पना नवी आहे असं कुणी समजू नये. १९३१ साली मंदीत बेकार झालेल्या बापाला भत्ता देण्याआधी सरकारी माणसं घरात शिरून कोण किती कमावतो ते विचारत आणि मुलामुलींच्या पगाराच्या हिशेबात बापाचा भत्ता छाटत. कमावती पोरं बापासाठी घर सोडून दुसरीकडे राहायला जात. आपल्या मोतिहारीत जन्मलेल्या जॉर्ज ऑरवेलनं १९३७ च्या पुस्तकात लिहून ठेवलं आहे, की घरातला म्हातारा बाप हिशेबात भाडेकरू ठरायचा आणि तो राहिला तर पोरांचा भत्ता कमी व्हायचा. अखेर १९४१ मध्ये, ऐन महायुद्धात, संसदेला वेळ काढून सगळं घर मोजण्याची ही रीत कायद्यानं बंद करावी लागली. आता सरकारी माणूस घरात शिरत नाही, फॉर्म येतो. मुलाचा पगार जसाच्या तसा वळता करत नाहीत, दरपत्रक लावतात. याला प्रगती म्हणतात.

आणि आपण इकडे बसून फार हसू नये. शिधापत्रिकेवर उत्पन्न कुटुंबाचं लागतं, लाडक्या बहिणीसाठीही अडीच लाखांची मर्यादा कुटुंबाचीच. म्हणून तर एकाच पत्र्याखाली दोन चुली कागदावर मांडण्याची कला आपल्याकडे गावोगाव बहरली आहे. ब्रिटनमध्ये मुलगा ‘मित्राच्या सोफ्यावर’ असतो, आपल्याकडे ‘विभक्त’. दोन्हीकडे रात्री जेवायला घरीच असतो.

गंमत पुरे. ब्रिटनमध्ये कौन्सिलच्या घरात राहणाऱ्या कुणाच्या घरी लेक परतत असेल, तर ही थट्टा वाचून गप्प बसू नका. तो आल्याचं त्याच आठवड्यात लेखी कळवा. लपवलेलं उघड झालं की जास्तीचे पैसे वसूल करतात आणि वर ५० पौंडांचा दंडही लागू शकतो. आईला अपंगत्वापोटी अटेंडन्स अलाउन्स किंवा पिप (पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट) या भत्त्याचा दैनंदिन भाग मिळत असेल तर भाड्याच्या मदतीतली कपात लागत नाही, हे ठणकावून सांगा. आणि लेकाच्या बॅगेत कपडे कमी असले तरी चालतील, पगाराच्या पावत्या हव्यातच. पावती नसली की २०२४-२५ मध्ये कौन्सिल त्याचा पगार सर्वांत वरचा समजून आठवड्याला १२४ पौंड ५५ पेन्सचा दर लावू शकत होतं, आणि त्यानंतर ते दर वाढलेच आहेत.