घरसोड-निरीक्षणाचे शास्त्र : शेगाव शाखा

घरसोड-निरीक्षण म्हणजे भाडेकरूने किल्ली परत करणे आणि घरमालकाने अनामत परत न करणे या दोन क्रियांच्या मध्ये पार पडणारा अल्पावधीचा विधी होय. अनामत म्हणजे करारनाम्याच्या दिवशी सुरक्षा ठेव म्हणून घेतली जाणारी आणि निरीक्षणाच्या दिवशी रंगकामाचा खर्च म्हणून ओळखली जाणारी रक्कम; दोन्ही वेळी ती एकच असते, याबाबत उभय पक्षांत मतभेद नाही.

शेगावात या विधीचा हंगाम उन्हाळ्यात येतो, कारण १९८३ मध्ये स्थापन झालेल्या श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालयातील शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी परीक्षा संपताच खोल्या रिकाम्या करू लागतात, आणि घराची अवस्था सर्वांत केविलवाणी असण्याचा काळही नेमका तोच असतो. पूर्णेच्या खोऱ्यातील काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि तिच्यावर उथळ पाया घातलेले घर तिच्याबरोबर हलत राहते. त्यामुळे खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी वर चढणारी भेग ही भूगर्भाची करणी असते, परंतु निरीक्षणात ती भाडेकरूने कॅलेंडरसाठी ठोकलेल्या खिळ्याची संतती ठरते, मग तो खिळा समोरच्या भिंतीत का असेना. शिवाय हा प्रदेश खारपाणपट्ट्यात, म्हणजे भूजलातच क्षार अधिक असलेल्या पट्ट्यात मोडतो. बोअरचे पाणी तोटीवर पांढरा थर चढवते, गीझरची कांडी खाते, आणि खिडकीतल्या कूलरमधून झिरपत राहिले की खालचा गिलावा पोपडे होऊन सुटू लागतो. पारा चाळिशी ओलांडत असताना कूलर लावणे हा स्वैराचार नव्हे, तरीही पोपड्यांचा हिशेब भूजलाकडे न जाता अनामतीकडे जातो, कारण भूजलाने अनामत भरलेली नसते.

अशा झिजेचा भार कोणावर, या प्रश्नाचा विचार १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाने पूर्वीच करून ठेवला आहे. त्याच्या कलम १०८ नुसार भाडेकरूने घर ज्या स्थितीत घेतले त्या स्थितीत परत करावे, मात्र वाजवी वापराने होणारी झीज आणि अनिवार्य शक्तीने झालेले बदल त्यातून वगळावेत. भाडेकरूने स्वतः बसवलेली वस्तू, उदाहरणार्थ कूलरचा स्टँड, घर पूर्ववत करून काढून नेण्याची मुभाही तेच कलम देते. येथे सूक्ष्म वाचकाने आक्षेप घ्यावा की ‘लिव्ह अँड लायसन्स’ करारातील रहिवासी कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसून परवानाधारक असतो. आक्षेप रास्त आहे. म्हणून झिजेची ही सूट करारनाम्यातच लिहिलेली आहे की नाही, हे सही करण्यापूर्वी पाहावे.

करारनामा अकरा महिन्यांचा असला की नोंदणी लागत नाही, ही समजूत कायद्याहून अधिक दृढ आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चे कलम ५५ करार लेखी व नोंदणीकृत असण्याची जबाबदारी घरमालकावर टाकते, कसुरीबद्दल तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगते, आणि लेखी करारच नसेल तर, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरते. हे कलम विनम्र स्वरात उच्चारावे. कलम २८ घरमालकास पाहणीचा अधिकार देते, पण पूर्वसूचना देऊन आणि वाजवी वेळी. दुपारच्या झोपेत कडी वाजवून ‘सहज आलो होतो’ म्हणणे या व्याख्येत बसविणे कठीण आहे.

तयारीचे उरलेले अंग क्षुल्लक आहे: प्रवेशाच्या दिवशीच प्रत्येक भेगेचे तारखेसह छायाचित्र काढावे, जाताना तोटी लिंबाने घासावी, आणि महावितरणच्या मीटरचे शेवटचे रीडिंग दोघांच्या देखत टिपून घ्यावे.

अनामत मिळेपर्यंत किल्ली देऊ नये, असा उपदेश भाडेकरूंचे मित्र आवर्जून करतात. तो पाळल्यास त्याच भाडे नियंत्रण अधिनियमाचे कलम २४ जागे होते, ज्यानुसार मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्या परवानाधारकाकडून दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते, आणि मित्र मात्र तोवर पुण्याला नोकरीस लागलेले असतात. त्याऐवजी किल्ली दिल्याची लेखी पोच घ्यावी व प्रत्येक कपातीचे बिल मागावे. रंगकामाचे पैसे कापले गेले असल्यास महिनाभराने एखाद्या ज्युनियरला त्या खोलीवर पाठवून भिंत पाहून घ्यावी, कारण एकच भिंत ओळीने तीन भाडेकरूंकडून रंगाचे पैसे घेऊनही बिनरंगाची राहू शकते.