तुमच्यात तळं न्हाई का?

आम्ही राहतो त्या गुरुग्राममधल्या सोसायटीच्या नावात 'लेक' आहे. नावाबाहेर तो कुठेही नाही. फ्लॅट घेताना बिल्डरच्या माणसाने आम्हाला बाल्कनीत उभं केलं, समोरच्या मोकळ्या रानावरून हात फिरवला आणि 'लेक-फेसिंग'चे वेगळे पैसे लावले. या अधिभाराला इकडे पीएलसी म्हणतात आणि तो भरणारा माणूस चारचौघांत जरा ताठ चालतो. आता त्या रानात दुसऱ्या बिल्डरची सोसायटी उभी राहिली आहे आणि तिच्याही नावात लेक आहे. सध्या आम्ही एकमेकांचे लेक-फेसिंग आहोत.

पाणीच नाही असं मात्र कोणी म्हणू नये. जुलैत तासभर पाऊस झाला की जवळचा अंडरपास काठोकाठ भरतो, गाड्या अर्ध्या बुडतात, पोरं पोहायला उतरतात. पण त्याच्या काठाला राहणाऱ्यांकडून कोणी पीएलसी घेत नाही. या भागाचा नियमच तो आहे. नाव असतं तिथे पाणी नसतं आणि पाणी असतं त्याला कोणी नाव देत नाही. हे माझ्या लक्षात आलं नसतं, पण माझे मामा कोल्हापूरचे आहेत.

मामा रोज सकाळी रंकाळ्याला फेरी मारल्याशिवाय चहा घेत नाहीत. आमच्याकडे आले की पहिल्याच सकाळी बूट घालून दारात उभे राहतात आणि विचारतात, "तुमच्यात तळं न्हाई का गं?" मामी मागून म्हणतात, "थांबा की, मी पण येतो." मग टॅक्सी बोलवावी लागते. एनसीआर, म्हणजे राष्ट्रीय राजधानी प्रदेश, हे 1985 च्या एका कायद्याने ठरवलेलं प्रचंड प्रकरण आहे. दिल्लीभोवती तीन राज्यांचे जिल्हे त्याला जोडले आहेत. पानिपतसुद्धा त्यातच येतं, त्यामुळे मराठी पाहुण्याला आधी तिथे न्यावं लागतं. पानिपतावर मामा गप्प गप्प होतात आणि परतताना तळ्याचा विषय काढतात. म्हणून आम्ही टॅक्सीवाल्याला सोबत घेऊन हद्दीहद्दीवरची तळी शोधू लागलो. टॅक्सीवाला फरिदाबादकडचा. हद्द म्हणजे त्याच्या लेखी टोल भरायची जागा. कापसहेडा बॉर्डर, बदरपूर बॉर्डर ही त्याच्या दृष्टीने बस थांबण्याची ठिकाणं, आणि बसवालेही ती तशाच सुरात ओरडतात.

सुरुवात बडखलने केली. अरवलीच्या टेकड्यांत बांध घालून केलेला हा तलाव. एके काळी इथे नावा चालत, दिल्लीकर सहलीला येत. आम्ही गेलो त्या वर्षी तिथे पायऱ्या होत्या, धक्का होता, आणि धक्क्याखाली म्हशी चरत होत्या. आजूबाजूच्या खाणींनी पाण्याच्या वाटा तोडल्या, बोअरवेलींनी जमिनीतलं पाणी खाली ओढलं आणि तळं आटून गेलं. "झील तो थी जी, म्हारे टैम में," टॅक्सीवाला म्हणाला. मामा धक्क्याच्या टोकापर्यंत चालत गेले, खाली वाकून म्हशींकडे बघून आले आणि म्हणाले, "बोटीचं तिकीट घेऊ नगंस." पुढे शुद्ध केलेलं सांडपाणी सोडून हे तळं पुन्हा भरायचं काम फरिदाबादच्या स्मार्ट सिटी योजनेत हाती घेण्यात आलं. म्हशींना तशी पूर्वसूचना दिली होती का, ते कळलं नाही.

हरियाणाच्या पर्यटन खात्याची एक सवय मामींना फार आवडली. ते आपल्या हॉटेलांना पक्ष्यांची नावं देतात. सुलतानपूरला रोझी पेलिकन, फरिदाबादला मॅगपाय, सोहन्याला बार्बेट, दमदम्याला सारस. मामींचं म्हणणं असं की दूरदृष्टी याला म्हणतात. उद्या तळी आटली, पक्षी उडून गेले, तरी चहाला बसायला सारस राहणारच.

बडखलहून सूरजकुंड जवळ आहे. दहाव्या शतकात तोमर राजा सूरजपालाने हे कुंड बांधलं असं सांगतात. उगवत्या सूर्याच्या आकारात दगडी पायऱ्या उतरत जातात आणि त्या बघण्यासारख्याच आहेत. मुळात ते पावसाचं पाणी धरायला बांधलं होतं, पण बहुतेक वेळा तळाशी गवत आणि कागदाचे कप असतात. 1987 पासून दर फेब्रुवारीत इथे हस्तकलेचा मोठा मेळा भरतो. लाखो माणसं कुंडाच्या नावाने येतात आणि कुंडाला पाठ करून चपला, चादरी, जलेबी घेऊन जातात. मामाही कुंडापाशी फार थांबले नाहीत. एका दुकानावर 'कोल्हापुरी' अशी पाटी होती, तिकडे गेले. चप्पल उलटी करून शिवण बघितली, वाकवली, कानाशी नेऊन टाचेवर टिचकी मारली आणि दुकानदाराला विचारलं, "कुठची ही?" तो प्रामाणिकपणे म्हणाला, "आग्रा." मामा त्यावर काही बोलले नाहीत. पण संध्याकाळपर्यंत त्यांनी रंकाळ्याचं नाव काढलं नाही, इतका तो आघात मोठा होता.

तीच त्यांची 2025 ची फेरी. फेब्रुवारीत दिल्लीला तालकटोरा स्टेडियममध्ये 98 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन होतं, त्यासाठी ते आले होते. मार्च 1737 मध्ये थोरले बाजीराव दिल्लीवर चालून आले तेव्हा मराठ्यांचा तळ याच परिसरात होता. मामांना हे पाठ. परिसंवाद टाळून त्यांनी मला बाहेर ओढलं: "ते तळं दाखव आधी. घोड्यांनी पाणी प्यायलेलं." तालकटोऱ्याला आता स्टेडियम आहे, बाग आहे आणि तरणतलाव आहे. फाटकाशी चौकशी केली तर तिथल्या माणसाने सदस्यत्वाचे नियम सांगायला सुरुवात केली. मामांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "घोडं चालंल?" नियमात घोड्याचा उल्लेख नव्हता, म्हणून त्याने साहेबांना विचारून सांगतो म्हटलं.

आता नाव नसलेलं पाणी. दिल्लीच्या दक्षिण टोकाला, हरियाणाची हद्द लागते तिथे असोला-भट्टी अभयारण्य आहे. भट्टीला एके काळी खाणी होत्या. 'बदरपूर' नावाची लाल भरड वाळू इथून निघे आणि दिल्लीच्या भिंती तिच्यावर उभ्या राहत. माणसं खणत खणत जमिनीतल्या पाण्याच्या पातळीखाली गेली. 1990 च्या सुमारास खाणी बंद झाल्या, आणि पाणी वर येऊन खड्डे भरले. कुठल्याही राजाने न बांधलेली, कुठल्याही खात्याने न आखलेली ही निळीशार खोल तळी. हरियाणाच्या बाजूलाही तशीच. ती दिसायला देखणी आहेत आणि पोहायला उतरणाऱ्यांसाठी जीवघेणी. कडा सरळ तुटलेल्या, तळाचा अंदाज नाही, आणि दर उन्हाळ्यात कोणाच्या तरी घरी ती बातमी जाते. आता त्यांतल्या एकाला नीली झील म्हणून पर्यटनाच्या यादीत घातलं आहे.

या अभयारण्यात आणखी एक वसाहत आहे. दिल्लीच्या सरकारी कचेऱ्यांत माकडांचा उपद्रव इतका वाढला की 2007 मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना पकडून असोल्याला पाठवायला सांगितलं. त्यामुळे इथल्या काही माकडांच्या घराण्यांना मंत्रालयीन कामकाजाचा अनुभव आहे. आमच्या गाडीजवळ एक ज्येष्ठ माकड आलं, मामींच्या हातातली भडंगाची पिशवी घेतली, उघडून बघितली, पुढे ठेवली आणि निघून गेलं. "फाईल परत आली," मामा म्हणाले.

इथल्या निसर्गशिक्षण केंद्राच्या पाटीवर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं नाव वाचून मामांची छाती फुगली. 1883 पासूनची आपल्या मुंबईची संस्था इथे दिल्लीला झाडं ओळखायला शिकवते! त्या आनंदात ते नीली झीलकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "खाणीचं हाय म्हणून नावं ठेवायची न्हाईत. रंकाळा तरी काय? दगडाची खाणच हुती. भूकंप झाला, पाणी लागलं. हजार वर्षं थांबा, हितंबी भेळेच्या गाड्या लागत्याल." कोल्हापूरचा माणूस दिल्लीच्या तळ्याला हजार वर्षांची मुदत देतो, हा त्याच्याकडचा मोठाच सन्मान होता.

सुलतानपूर मात्र नावाला जागणारं निघालं. पीटर जॅक्सन नावाचे रॉयटर्सचे पत्रकार दिल्लीत होते. पक्षी बघायचा त्यांना नाद. त्यांनी इंदिरा गांधींना पत्र लिहून या दलदलीचं महत्त्व सांगितलं आणि 1971 मध्ये ते पक्षी अभयारण्य झालं. पंतप्रधानांना पत्र लिहून तळं मिळतं, हे मामींनी नीट लक्षात ठेवलं. 2021 मध्ये त्याचं नाव रामसरच्या यादीतही गेलं. इथलं पाणीही कालव्याने आणावं लागतं, पण ते आणलं जातं, हेच विशेष. चित्रबलाक होते, सारसाची एक जोडी होती, आणि हळदी-कुंकू बदकं दिसल्यावर तर मामींनी हातच जोडले. मामांनी सगळी फेरी पूर्ण केली, घाम पुसला आणि निकाल दिला: "चांगलं हाय. पण भेळ न्हाई."

ओखल्याला आम्ही एका दिवाळीनंतर गेलो होतो. दिल्ली आणि नोएडा यांच्या मधोमध यमुनेवर बांध आहे आणि त्याच्या मागे साठलेल्या पाण्यात पक्षी उतरतात. अभयारण्य उत्तर प्रदेशाचं, मेट्रो दिल्लीची, इथूनच निघणारा आग्रा कालवा 1874 चा आणि नदी सगळ्यांची म्हणून कोणाचीच नाही. त्या दिवसांत बांधाखाली पांढरा फेस कमरेइतका साचतो. शहराच्या सांडपाण्यातले साबण आणि फॉस्फेटं बांधावरून आपटून घुसळली जातात. मामी गाडीतून उतरताच म्हणाल्या, "बर्फ पडलाय की हो!" लोक त्या फेसात उभे राहून फोटो काढत होते. मामांचं लक्ष मात्र वरच्या अंगाला होतं. तिथे जलपर्णीचा हिरवागार गालिचा पसरला होता. त्यांचा गळा दाटून आला. "केंदाळ!" ते म्हणाले. "आमच्या रंकाळ्यावर असंच येतंय." परगावी आपलं माणूस भेटावं तसं त्यांना झालं. शेजारी उभ्या असलेल्या पक्षिमित्राला ते केंदाळ काढायची कोल्हापुरी पद्धत समजावत राहिले. त्याच्या दुर्बिणीसमोरचा पक्षी केव्हाच उडून गेला होता.

तो फेस कुठून येतो म्हणून मामांनी टॅक्सीवाल्याला विचारलं. दिल्लीतल्या बऱ्याच नाल्यांतून, पण सगळ्यात मोठा नाला नजफगढचा. आणि नाल्याच्या उगमाशी काय आहे? तळं. मग काय, या वेळी संमेलन संपल्यावर मामांनी बूट चढवले.

साहिबी नदी राजस्थानच्या अरवलीतून निघून हरियाणातून दिल्लीकडे येते आणि हद्दीवरच्या सखल भागात पसरते. मिर्झा नजफखानाच्या नावाची ही नजफगढ झील एके काळी भरल्या पावसाळ्यात दोनशे चौरस किलोमीटरांहून अधिक पसरत असे. इंग्रजांनी तिचं पाणी काढायला चर खणला, 1964 च्या पुरानंतर तो रुंद झाला. त्यातून तळं रिकामं होत गेलं आणि नदीचा नाला झाला. दिल्लीच्या बाजूला उंच बांध आहे. हरियाणाच्या बाजूला उरलेलं पाणी शेतांत शिरतं. त्यात गुरुग्रामच्या नाल्यांचीही भर पडते. रोहित पक्षी त्या पाण्यात गुलाबी रांगा करून उभे राहतात आणि दोन सरकारं हरित लवादापुढे उभी राहतात. हरियाणाने एकदा तर भूमिका घेतली होती की ही झील नव्हेच, खोलगट जागेत पाणी साचतं एवढंच.

बांधावर एक म्हातारा शेतकरी खाटेवर हुक्का ओढत बसला होता. त्याची जमीन पाण्याखाली. कागदावर शेत, डोळ्यांसमोर तळं. दिल्ली म्हणते पाणी तुमचं, हरियाणा म्हणतं तुंबवलं तुम्ही. पंप लावून पाणी काढा, एवढीच त्याची मागणी, आणि पंप काही येत नाही.

मामा खाटेच्या कडेला टेकले. 1956 पासूनचा बेळगावचा वाद ऐकत त्यांचं आयुष्य गेलं. दोन राज्यांनी एका जागेसाठी भांडायचं म्हणजे दोघांनीही 'आमचं, आमचं' म्हणायचं, हे ते धरूनच चालले होते. इथे दोघंही 'तुमचं, तुमचं' म्हणून भांडतात, हे त्यांच्या पचनी पडेना. बेळगावचा खटला 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, हे त्यांनी म्हाताऱ्याला कोल्हापुरी हिंदीत सविस्तर सांगितलं. म्हाताऱ्याने हुक्का बाजूला ठेवून मन लावून ऐकलं.

"तो फेर ताऊ, या झील भी थम ले जाओ," तो म्हणाला. "महाराष्ट्र में."

मामांनी पाण्याकडे पाहिलं. विस्तार चांगला होता, पक्षी होते, थोडं केंदाळही होतं.

"लेने कू लेंगे," ते म्हणाले. "पण फिर कर्नाटकवाला बी मांगने कू आयेगा."

"आने दो जी," म्हातारा म्हणाला. "पंप सै उनके पास?"