सुवर्णपूरच्या काकी

शिरूरला मी ज्यांच्या माडीवर भाड्याने राहतो त्या काकी सकाळी सहाला दूध तापवतात, साडेसहाला नळाला पाणी आलं की हंडे-बादल्या भरतात आणि सातला राज्य चालवायला बसतात. राज्याचं नाव सुवर्णपूर. तिथे एक राजा, दोन राण्या, एक राजकन्या, शेजारच्या राज्यातला एक राजपुत्र आणि एक शापित पोपट आहे. कथांच्या एका ॲपवर काकी या मंडळींची कादंबरी रोज एक भाग अशी लिहितात. परवा दोनशे चाळिसावा भाग गेला.

काका आडतीवर दिवाणजी. कांद्याच्या पट्ट्या लिहिण्यात त्यांची हयात गेली. ते म्हणतात, "राज्य तिचंच आहे हे मला लग्नापासून ठाऊक होतं. आता ती ते लिहून काढतीय, एवढंच."

मी काकींचा पहिला वाचक आणि ऱ्हस्व-दीर्घाचा कारकून. भाड्यात सूट नाही, पण भागामागे एक कप चहा मिळतो.

सुवर्णपूर लांबून बघावं तर थेट 'चांदोबा'तल्या चित्रासारखं. घुमट, झरोके, कमळांचं तळं, सगळं जागच्या जागी. वेशीतून आत शिरलं की मात्र आपण कुठे आलोय ते कळायला लागतं. राजवाड्याच्या बागेत मोर आहेत, पण राजमाळी रोज दरबारात रडतो, की महाराज, मोरांनी बाजरीचं कणीस ठेवलं नाही. काकींची नणंद मोराची चिंचोलीला दिलेली. मोर नाचताना पाहायला पुण्याची माणसं येतात. मोर खाताना काय करतात ते नणंदेला विचारावं.

राजपुत्राने राक्षस मारायचा भाग आला तेव्हा मी उत्सुक होतो. वाचतो तर राक्षस नाहीच. राज्याच्या उसात बिबट्या शिरलेला.

"काकी, परीकथेत बिबट्या?"

"राक्षसाला कोण भितंय रे आता? रात्री मोटर चालू करायला जाणाऱ्या माणसाला विचार, कशाला भितो ते."

शेवटी राजपुत्राने तलवार म्यान केली आणि पिंजरा मागवला. पिंजरा यायला चार भाग लागले.

काकींचं माहेर दौंडचं. वडील रेल्वेत पॉइंट्समन, बालपण क्वार्टरमध्ये. शिरूरला रेल्वे नाही, ही गोष्ट त्यांनी सासरला अजून माफ केलेली नाही. त्यामुळे सुवर्णपूरची सगळी वाहतूक दौंडच्या नियमांनी चालते. उडता रथ आकाशमार्गे झपाट्याने येतो आणि नगराबाहेर पाऊण तास उभा राहतो, कारण पुढची लाइन मोकळी नाही. एकदा तर कमाल झाली. रथाला उलट दिशेला जायचं होतं, तर सारथ्याने घोडे सोडले, चालवत मागच्या टोकाला नेले आणि तिकडून जुंपले.

"काकी, रथ सरळ वळवता येतो."

"आमच्या दौंडात नाही वळत. पुण्याकडून आलेल्या गाडीला नगरकडं जायचं असलं, की इंजिन काढायचं, दुसऱ्या टोकाला लावायचं. मी दप्तर घेऊन बघत उभी राहायची. डोकं होतं तेच शेपूट व्हायचं आणि गाडी उलटी निघायची. यापरीस मोठी जादू मी बघितली नाही."

आता बाहेरून जाणाऱ्या गाड्यांसाठी कॉर्ड लाइनचं वेगळं स्टेशन झालंय. काकींना ते पसंत नाही.

हे सगळं चालून जातं. वाचक चिडले ते प्रेमकथेच्या वेगावर. राजकन्या आणि राजपुत्र साठ भाग बागेत बसून बोलत होते. त्याला पावसाळा आवडतो का, तिला अंधाराची भीती वाटते का, लहानपणी कुणी कुणाला चिमटा काढला. वाचक प्रतिक्रियांमध्ये अक्षता घेऊन ताटकळले होते. मीही एकदा म्हणालो, "आता लग्न लावा."

काकी लसूण सोलत होत्या. "मला बघायला आले तेव्हा मी एकोणीस वर्षांची. पोह्याच्या बशा घेऊन गेले, खाली बघून बसले. ह्यांनी एकच प्रश्न विचारला, शिवणकाम येतं का. मी म्हटलं येतं. दहा मिनिटांत उठले सगळे. शिवणकाम मला आजतागायत येत नाही."

ते ऐकून मला एक जुनी कादंबरी आठवली. नारो सदाशिव रिसबूडांनी 1868 साली 'मंजुघोषा' लिहिली. हळब्यांची 'मुक्तामाला' त्याआधी सात वर्षं आलेली. राजपुत्र, सुंदऱ्या आणि अद्भुताचा तो मराठीतला पहिला बहर. रिसबूडांनी प्रस्तावनेत कारणही देऊन ठेवलंय: आपली लग्नाची रीत आणि एकूण राहणीच अशी, की खऱ्या आयुष्यात मन रमेल असं काही सापडत नाही, म्हणून लेखकाला अद्भुताकडे जावं लागतं. पुढे वास्तववादी मंडळींनी या कादंबऱ्यांची यथेच्छ टिंगल केली. रिसबूडांच्या म्हणण्यात मात्र ती पोह्याची दहा मिनिटं नेमकी बसतात.

मी काकींना म्हटलं, राजघराण्यातलं खरं प्रेमप्रकरण आपल्याच तालुक्यात आहे, पाबळला मस्तानीची कबर, त्यावर लिहा. इनामदारांनी 'राऊ' लिहिली, पुढे त्यावरून सिनेमा निघाला, मग शिरूरकरांनी का मागे राहावं? काकी एका लग्नाच्या निमित्ताने पाबळला जाऊन आल्या आणि दोन दिवस फुरंगटून होत्या.

"बाजीराव छत्रसालाच्या मदतीला कधी गेला?"

"1729."

"आणि गेला कधी?"

"1740. नर्मदेकाठी, रावेरखेडीला. मस्तानीही त्याच वर्षी."

"म्हणजे अकरा वर्षं. त्यातला हा माणूस घरी किती दिवस होता सांग. सदा मोहिमेवर. शेवटी तो तिकडं, ही इकडं पुण्यात नजरकैदेत. एवढं नाव झालं, सिनेमा झाला, पण दोघं निवांत बसून बोलली कधी?" त्यांनी लसणाची सालं सुपात झटकली. "माझी पोरगी आधी पोटभर बोलून घेईल. मग बघू लग्नाचं."

तरीही वाचकांच्या रेट्यापुढे राज्यं झुकतात. दोनशे एकोणचाळिसाव्या भागात लग्न लागलं. पंगतीत बुंदी कमी पडली, सोयऱ्यांचा रुसवा झाला, पोपटाला मानाचा फेटा मिळाला. परवाच्या भागात वरात सासरच्या वाटेला लागली. ऱ्हस्व-दीर्घ बघत मी शेवटच्या परिच्छेदाशी आलो. अर्ध्या रस्त्यात राजकन्येने रथ थांबवला. सारथ्याला म्हणाली, घोडे सोड आणि मागच्या बाजूने जुंप.

"काकी! ही कुठे निघाली?"

"दौंडला," काकी म्हणाल्या आणि जीभ चावली. "म्हणजे आपलं, माहेरी."

"आणि राजपुत्र?"

"बसलाय की रथातच. साठ भाग बोलून झालंय त्यांचं, तो काही विचारायचा नाही."

आतून काकांनी पट्टीवरची मान वर न करता विचारलं, "शिवणकाम येतं का तिला?"