द्राक्षाची कुंडली छापणारं यंत्र

जानेवारी ते एप्रिल या दिवसांत दिंडोरी-निफाडच्या पॅकहाउसमध्ये द्राक्षांचे जेवढे लाड होतात तेवढे जावयाचेही होत नसतील. दुखावलेला मणी कात्रीच्या टोकानं अलगद काढायचा, पनेटमध्ये घड निजवायचा, मग प्रीकूलिंग, मग खोक्यात सल्फर डायऑक्साइडचा पॅड. कोपऱ्यातल्या लेबल प्रिंटरकडे मात्र तो बंद पडेपर्यंत कुणी ढुंकून पाहत नाही. आणि तो बंद पडतो कंटेनर दारात लागल्यावरच.

खरं तर द्राक्षाची कुंडली मांडतो तोच. निर्यात पाहणाऱ्या अपेडाच्या ग्रेपनेट या नोंदप्रणालीमुळे युरोपला निघालेल्या खोक्याचा माग थेट नोंदणीकृत बागेपर्यंत लागतो. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट या वाढरोधकाच्या अंशापायी आपली द्राक्षं युरोपात अडकली, तेव्हा हा माग किती कामाचा ते सगळ्यांनाच कळलं. लेबल सुटून पडलं की थॉमसन सीडलेस द्राक्षंही बेवारस.

यंत्राचा सगळा कारभार उष्णतेवर. हेडमध्ये बारीक तापणाऱ्या ठिपक्यांची रांग असते. 203 डीपीआयच्या हेडमध्ये मिलिमीटरला आठ. रबरी रोलर कागद पुढे ढकलतो आणि हवा तो ठिपका क्षणभर तापतो. डायरेक्ट थर्मलमध्ये रंग कागदातच लपलेला असतो, ऊब लागली की काळा होतो. कुरिअरच्या पाकिटाला ते पुरतं. पण एटीएमची पावती काही महिन्यांत कोरी होते तीही याच जातीची. द्राक्षाला काही आठवडे समुद्र आणि शून्य अंशाजवळची ओल सोसायची असते. म्हणून तिथे थर्मल ट्रान्स्फर: रिबनवरची मेण-रेझिनची शाई वितळून लेबलावर बसते.

असा प्रिंटर घेताना विक्रेता ऑप्शन वाचू लागतो: कटर, पीलर, रिवाइंडर, वायफाय, आरएफआयडी. मालकाचं प्रत्येकाला एकच उत्तर, "त्यावाचून अडतंय का?" पीलर लेबल सोलून पुढे धरतो आणि कुणी उचलेपर्यंत दुसरं छापतच नाही. तो नाकारला की ते काम बायांच्या नखांकडे येतं. ती कंपनीच्या वॉरंटीत बसत नाहीत.

हेडचा एक ठिपका जळला की लेबलावर लांबच लांब पांढरी रेघ उमटते. बारकोडच्या पट्ट्या कागद सरकतो त्याच दिशेच्या असतील तर एखादी पट्टीच गायब होते आणि स्कॅनर मौन धरतो. आडव्या असतील तर प्रत्येकीला जरासा टवका जातो, पण वाचून होतं. जाणता ऑपरेटर बारकोड फिरवतो आणि रात्र काढतो. बाकीचे डार्कनेस वाढवून हेडचं उरलंसुरलं आयुष्य जाळतात, किंवा ब्लेडनं खरवडतात. नुसती घाण बसली असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा पुरला असता.

घड्याळाचा ऑप्शन मात्र घ्यावा. तारीख आपोआप पडते. त्याचा सेल संपला की ती भलत्याच जुन्या सालावर जाऊन बसते, आणि युरोपातल्या गिऱ्हाइकाला जुनी द्राक्षं कितीही प्रिय असली तरी ती बाटलीतच हवी असतात.